कड्याखालचा कडा

बोटीतून बघितला तेव्हा कडा साधाच वाटला. चुनखडीचा, उभा, पायथ्याशी लाटांनी कुरतडून आत घेतलेला, माथ्यावर थोडी झुडपं. पण आम्ही ज्याला पायथा म्हणत होतो तो त्याचा पायथा नव्हताच. शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, म्हणजे साधारण २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हा कडा बराच खालपर्यंत उघडा उन्हात उभा असणार. मग बर्फ वितळलं, पाणी चढत गेलं आणि कड्याचा मोठा हिस्सा बुडाला. आम्हाला तो बुडालेला हिस्सा बघायचा होता.

मला उंचीची भीती वाटते. गच्चीच्या कठड्याला मी आजवर टेकलेली नाही. कुणी टेकलेलं दिसलं तरी माझ्याच तळपायांना मुंग्या येतात. आणि अशा बाईला धाकट्या भावाने पाण्यातल्या कड्यावर आणलं होतं. त्याचं एकच पालुपद. "ताई, तिथे पडायचं नसतं गं, तरंगायचं असतं." बावीस डाइव्ह झाल्या होत्या माझ्या, त्यातली शेवटची काही ३० मीटरपर्यंतच्या परवान्यासाठी. पण सगळ्या तळ दिसणाऱ्या जागी. खाली वाळू असली की मन निवांत असतं. बिघडलंच काही तर जाऊन बसायला जागा आहे, एवढाच तो दिलासा, पण तो फार मोठा असतो.

गाईडने पाटीवर खडूने कडा काढला आणि समजावून सांगितलं. माथा आठ मीटरवर, तिथून सरळ खाली. आपण २५ मीटरच्या खाली जायचं नाही. कडा डाव्या हाताला ठेवायचा, पाणी नेईल तिकडे जायचं, बोट मागून येईल. टाकीतल्या हवेचा दाब १०० बारवर आला (बार हे दाबाचं माप) की त्याला सांगायचं, ५० बार शिल्लक असताना वर यायचं. "तळ शोधायला जाऊ नका. तो आपल्या कामाचा नाही." मग खडू ठेवता ठेवता तो म्हणाला, "माशांवर लक्ष ठेवा. प्रवाह जिकडून येतो तिकडे ते तोंड करून असतात. ते कुठे बघतायत त्यावरून पाणी काय करतंय ते कळतं. कड्याला आपटलेलं पाणी कधी वर चढतं, कधी खाली उतरतं."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तयारीचं सगळं नेहमीचं. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकायचं, बोटाने चोळायचं, पाण्यात विसळायचं. बाजारात त्यासाठी औषधं मिळतात, पण थुंकीला तोड नाही. टाकी उघडून रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, चार श्वास घ्यायचे आणि तेव्हा गेजचा काटा बघायचा. काटा श्वासागणिक खाली जाऊन परत येत असेल तर टाकी पुरती उघडलेली नाही. माझा काटा २०० वर ठाम होता. १२ लिटरच्या टाकीत २०० बारने भरलेली हवा म्हणजे २,४०० लिटर. ऐकायला भरपूर वाटते. पण दर १० मीटरला दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा आणखी वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो, आणि तिथला प्रत्येक श्वास चार श्वासांची हवा खातो. हे गणित परीक्षेत मी बिनचूक सोडवलं होतं.

बोटीच्या काठावर पाठमोरं बसायचं, एक हात मास्क आणि रेग्युलेटरवर, दुसरा वजनाच्या पट्ट्यावर, आणि मागे कोलमडायचं. आभाळ, पाय, पांढरा फेस, मग निळं. समुद्र कोमट होता, पाठीत शिरलेलं पाणी सुद्धा टोचलं नाही.

उतरताना माझा डावा कान आडमुठेपणा करतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं. उजवा लगेच ऐकतो, डावा नाही. लोकांना वाटतं खोल गेल्यावर कान दुखतात. खरा त्रास पहिल्या १० मीटरमध्येच, कारण तिथेच दाब दुप्पट होतो. पुढे तेवढ्याच अंतरात तो दीडपट होतो, मग आणखी कमी पटीने. चार मीटरवर मी थांबले, अर्धा मीटर वर आले, जबडा हलवला, आवंढा गिळला. कानात चुईं असा बारीक आवाज झाला आणि वाट मोकळी झाली. भाऊ समोर हाताची घडी घालून थांबला होता. लहानपणी मी त्याच्या बुटाच्या नाड्या बांधेपर्यंत जिन्यात अशीच थांबत असे.

माथ्यावर ऊन होतं. आठ मीटरवरचा तो सपाट भाग म्हणजे नुसती गर्दी. शिंगांसारखी प्रवाळं, त्यांच्या फटींत घुसणारे निळेहिरवे बारके मासे, वाळूच्या पट्ट्यावर उन्हाची हलती जाळी. दहाबारा वेळा पायातले फिन मारले आणि ती जाळी संपली. जमीनच संपली.

त्या कडेवर मी थांबले. खाली निळं होतं, त्याखाली जास्त निळं, त्याखाली जांभळट काळं. डोळ्याला टेकायला काहीच नाही. तळपायांना मुंग्या आल्या, फिनच्या आत, पाण्यात. शरीराला कुणी सांगितलेलंच नव्हतं की आपण तरंगतोय. त्याला एवढंच कळलं होतं की कठडा नाही. माझ्या श्वासाचा आवाज मलाच मोठा ऐकू येत होता, बुडबुडे धडाधड सुटत होते. भाऊ कडेपलीकडे गेला, तिथे हवेत उभं राहावं तसा उभा राहिला आणि वळून त्याने बोटांचं वर्तुळ केलं. ठीक आहे का? पाण्याखाली अंगठा दाखवायचा नसतो. अंगठा म्हणजे "वर चला". माझा अंगठा तेव्हा वर जायला फार शिवशिवत होता.

मी एक लांब श्वास सोडला आणि कडेवरून पुढे सरकले. काही झालं नाही. पडले नाही. पोटाखालून जमीन निघून गेली आणि मी तिथेच, त्याच उंचीवर. भरून श्वास घेतला की हातभर वर, सोडला की हातभर खाली. फुप्फुसं हीच लिफ्ट. आयुष्यात पहिल्यांदा मी एका कड्याच्या बाहेर होते आणि कडा मला ओढत नव्हता. हसू आलं. हसलं की मास्कच्या कडेतून पाणी शिरतं, ते शिरलं. नाकाने फुंकून काढलं.

मग आम्ही उतरलो. १५ मीटर, १८, २२.

कडा म्हणजे सरळसोट भिंत असं मला वाटायचं. जवळून तो जुन्या वाड्याच्या पडक्या दर्शनी भागासारखा आहे. कोनाडे, छज्जे, वळचणी, आत गेलेल्या अंधाऱ्या खोल्या. आणि कुठेही बोटभर जागा रिकामी नाही. स्पंज, त्यावर दुसरा स्पंज, त्यावर पिसासारखे हात पसरून बसलेली फेदर स्टार. उजेड वरून येतो, अन्न प्रवाहातून येतं, आणि बसायला जागा तेवढी भिंतीवर मिळते, तेव्हा भाडेकरूंची ही दाटी.

रंग मात्र गेलेले होते. पाणी आधी लाल गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. २० मीटरवर सगळं निळसर राखाडी, शिळ्या फोटोसारखं. भावाने टॉर्च लावला आणि एका छज्जाच्या पोटावर फिरवला. जिथे मळकट तपकिरी डाग होते तिथे एकदम झगझगीत शेंदरी. सन कोरल नावाचं प्रवाळ होतं ते. याच्या अंगात सूर्यप्रकाशावर जगणारं शैवाल नसतं, म्हणून याला ऊन लागत नाही. ते वळचणीखाली अंधारात राहतं आणि अंधारातच हात बाहेर काढून खातं. इतका भडक रंग अशा जागी, जिथे तो बघायला उजेडच पोचत नाही. त्या प्राण्याला त्याचं काही नाही, मीच उगाच हळहळले. टॉर्च सरकला की तो शेंदरी विझायचा, आला की पेटायचा.

पुढे सी फॅन, तेही एक प्रवाळच. माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा पंखा, जाळीदार, प्रवाहाला बरोबर आडवा वाढलेला. पाणी जाळीतून जातं आणि तो त्यातलं खाणं वेचतो. गाईडने धातूच्या बारक्या काडीने त्याच्या एका फांदीकडे दाखवलं. मला फांदी दिसली. त्याने परत दाखवलं. मला परत फांदीच दिसली. तिसऱ्यांदा फांदीवरच्या एका गाठीला डोळा असल्याचं दिसलं.

पिग्मी सीहॉर्स. समुद्रघोडा, पण उभा केला तर दोन सेंटीमीटर भरेल न भरेल एवढा. अंगावर फांदीसारख्याच गुलाबी गाठी, शेपटीचा वेढा फांदीला. पाण्याबरोबर फांदी डोले तसा तोही डोलत होता. हा प्राणी माणसाला सापडला तोच मुळी चुकून. १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआच्या मत्स्यालयासाठी एक सी फॅन आणला, तो तपासताना त्यावर अशा घोड्यांची जोडी बसलेली निघाली. पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, शोधणाऱ्या जॉर्ज बार्गिबांवरूनच त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. म्हणजे त्याआधी किती जण अशा पंख्यांसमोरून पोहून गेले असतील आणि त्यांना गाठीच दिसल्या असतील. मला हे वाचून माहीत होतं. समोर बघितल्यावर मात्र ते सगळं डोक्यातून गेलं, फक्त तो डोळा राहिला. तो फिरला. माझ्याकडे बघून झाल्यावर त्याने तोंड फिरवलं.

गाईडने आणखी घोडे शोधू दिले नाहीत. पुढे चला, अशी खूण करून तो सरकला, भाऊ त्याच्या मागे. मला पंख्याच्या थोडं खाली दुसरा पंखा दिसत होता. आणि माझा समज असा की आता मला शोधता येतं.

इथे मी काय केलं ते नीट सांगते, कारण तेव्हा मला त्यातलं काही केल्यासारखं वाटलं नव्हतं. मी दुसऱ्या पंख्याशी गेले. फांद्यांवर श्वासाचा झोत बसू नये म्हणून हळू, वरवर श्वास घेत राहिले. असा श्वास घेतला की फुप्फुसं अर्धी रिकामीच राहतात आणि माणूस खाली जातो. खोली वाढली की अंगातला रबरी सूट दाबून पातळ होतो, त्याने तरंगणं आणखी कमी होतं. एक फांदी बघून झाली की तिच्या खालची फांदी आपोआप डोळ्यासमोर यायची. मला वाटलं, मीच पद्धतशीरपणे शोधतेय. पंख्याभोवती बारक्या केशरी माशांचा थवा होता. मघाशी ते कड्याला समांतर होते. आता सगळेच्या सगळे तोंड वर करून शेपट्या हलवत होते, प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. किती सुंदर, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं. माझे बुडबुडे वर जायच्या ऐवजी मास्कसमोर घुटमळत होते. त्यातसुद्धा मला गंमतच वाटली.

ठण्. ठण् ठण् ठण्.

पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो, त्यामुळे तो कुठल्या दिशेने आला ते कानाला कळत नाही. तो सगळीकडून येतो. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग वर बघितलं. गाईड वरून टाकीवर काडी आपटत होता. इतका वर तो कसा गेला, हा माझ्या मनातला पहिला प्रश्न.

मनगटावरच्या कॉम्प्युटरवर ३२.४ होतं.

मी फिन मारायला लागले. जोरात. आकडा ३२.८ झाला. आणखी जोरात. ३३.१. कडा माझ्यासमोरून वर सरकत होता. मी लिफ्टमध्ये होते आणि कुणीतरी खालचं बटण दाबलं होतं. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशा चढायला लागते असं शिकवलेलं असतं. ती चढली होती का? मला आठवतं ते असं की भीती वाटतच नव्हती. विचार जाडे झाले होते. "हे काही बरोबर नाही" हे वाक्य डोक्यात पूर्ण व्हायला बराच वेळ लागला.

खांद्याच्या पट्ट्याला हिसका बसला. भाऊ. त्याने पट्टा मुठीत धरला होता आणि डोळे माझ्या डोळ्यांसमोर आणले होते. त्याच्यामागून गाईड हाताने दाखवत होता, कड्यापासून दूर, तिरकं वर. कड्याला लागून पाणी खाली उतरत असेल तर त्याच्याशी सरळ भांडायचं नाही, बाजूला निघायचं. तरंगायला मदत करणाऱ्या जॅकेटमध्ये मी दोनदा हवा भरली आणि आम्ही उघड्या निळ्याकडे पाय मारले. भिंत सोडून काहीच नसलेल्या दिशेला जायचं. सकाळी कुणी हे सांगितलं असतं तर मी बोटीतूनच उतरले नसते.

सातआठ मीटर बाहेर गेलो असू. कुणी हात सोडावा तसं पाण्याने एकदम सोडलं. आणि मग दुसरी भानगड. जॅकेटमध्ये भरलेली हवा वर जाताना फुगते, फुगली की आणखी वर नेते, आणखी फुगते. ३० वरून आम्ही सुटलो ते २४ला येईपर्यंत मनगटावर पिपाणी वाजायला लागली. माझा कॉम्प्युटर मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग सहन करत नाही. भावाने माझ्या खांद्यावरची दोरी ओढून हवा सोडली, मी माझी सोडली, आणि ओरडल्यासारखा श्वास सोडत राहिले. वर जाताना श्वास कधीच धरायचा नाही, हे एक मात्र हाडात मुरलं होतं. १९ मीटरवर आम्ही स्थिरावलो. गाईडने हवा विचारली. पंख्यापाशी माझ्याकडे ११५ होती. आता काटा ७० वर. जेमतेम तीन मिनिटांत एवढी मी पिऊन टाकली होती. परीक्षेतलं गणित.

तिघंही ठीक. गाईडने घड्याळाकडे बोट दाखवलं, मग वर, मग तळहात पालथा करून सावकाश.

कड्याला पुन्हा लागून, पण वरच्या बाजूने, आम्ही चढत गेलो. रंग उलट्या क्रमाने परत येत होते. १० मीटरवर भावाच्या फिनचा पट्टा पिवळा झाला, आठवर माझ्या हातावरचा ओरखडा, जो मघाशी हिरवट काळा दिसत होता, तो लाल झाला. कधी खरचटलं कोण जाणे.

५ मीटरवर थांबायचं असतं, तीन मिनिटं. खोलीवर दाबाखाली रक्तात आणि ऊतींत मुरलेल्या नायट्रोजनला सावकाश बाहेर पडू द्यायचं, घाई केली तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं. गाईडने पाचही बोटं दाखवली. आमच्या त्या उड्डाणानंतर दोन मिनिटं जास्त. त्याने नारिंगी फुगा दोरीने वर सोडला, बोटीला कळावं म्हणून. आणि मला एका जागी राहता येईना. हवेलाही वजन असतं, मी टाकीतली दोनेक किलो हवा संपवली होती आणि तेवढी हलकी झाले होते. एका खडकाच्या मेलेल्या टोकाला दोन बोटं टेकवून मी राहिले.

समोर एक गलेलठ्ठ ग्रुपर जबडा वासून होता, आणि निळ्या पट्ट्याचा एक चिमुकला क्लीनर रॅस त्याच्या तोंडात शिरून दातांमधलं वेचत होता. कल्ल्यातून बाहेर आला, पुन्हा तोंडातून आत. ग्रुपर हलला नाही. पाच मिनिटं मी तेच बघत होते. खाली मात्र एकदाही बघितलं नाही. तेव्हा लक्षात आलं की कडा ओलांडल्यापासून मी खाली बघितलेलंच नव्हतं. गच्चीवर मी सतत खाली बघते, म्हणून तर कठड्यापासून लांब राहते.

बोटीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. गाईडने टाक्या बांधल्या, मला पाणी प्यायला दिलं, सांधे दुखतायत का, अंगाला खाज येते का, ते दोनदा विचारलं. नव्हतं काही. दुसरी डाइव्ह त्याने रद्द केली. मला वाईट वाटलं नाही.

भाऊ सूट पिळत होता. पिळता पिळता म्हणाला, "मासे बघितलेस ना तू?"

"बघितले."

"कुठे बघत होते?"

"वर."

"मग?"

"सुंदर दिसत होते."

त्याने सूट दोरीवर टाकला. "आईला सांगू नकोस," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मी पण नाही सांगणार."

संध्याकाळी डाइव्हची वही काढली. वेळ ४१ मिनिटं, सुरुवातीची हवा २००, शेवटी ५५. कमाल खोलीच्या रकान्यात हात अडला. ठरलेला आकडा लिहायचा मोह झाला, पण कॉम्प्युटरमध्ये खरा साठलेला होताच. ३३.६ लिहिलं. शेऱ्याच्या जागी "पिग्मी सीहॉर्स, १" असं लिहून झाल्यावर त्याखाली लिहिलं, "केशरी मासे, तोंडं वर." सहीसाठी वही भावाकडे सरकवली. त्याने ते वाचलं, "तोंडं वर"खाली पेनाने दोन रेघा मारल्या आणि सही केली.